खानापूरच्या माळ्यावरचं दप्तर

कोल्हापूरहून बेळगावला जाताना कोगनोळीच्या नाक्यावर राज्य बदलतं. पाट्या कन्नड होतात. बाकी निपाणीचं तंबाखूचं रान तेच, आणि तवंदीच्या घाटात शेजारचे काका फोनवर घरी भांडतात तेही मराठीतच. या भागातली जुनी घरगुती दप्तरं, म्हणजे कागदपत्रांचे गठ्ठे, बघायची होती. बेळगावात मोडी वाचणारे एक निवृत्त सर भेटले, म्हणाले, "खानापूरला चला. एका कुलकर्ण्यांच्या माळ्यावर पेटी आहे, पावसाच्या आत बघून घेऊ."

सरांच्या ओसरीवरच तासभर गेला. त्यांच्याकडे येणारी निम्मी माणसं कन्नड बोलणारी. देसाई, नाडगौडा, इनामदार, सगळ्यांच्या सनदा मोडीत, कारण पेशवाईत इथला कारभार मोडी मराठीतूनच चाले. जमिनीचा दावा कोर्टात गेला की आजचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) कन्नडमध्ये आणि त्याच्यामागचं मूळ कागदपत्र मोडीत, अशी गाठ पडते. सर कन्नडमध्ये अर्थ सांगतात, मराठीत लिप्यंतर लिहून देतात. सीमाप्रश्नावर तावातावाने बोलणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) एकदा या ओसरीवर येऊन बसावं.

खानापूरचं घर मंगलोरी कौलांचं, पुढे फणस. आजींनी आधी चहा आणि कुंदा पुढे केला. "बसा की, पेटी कुठं पळून जात न्हाई." पेटीत कागद बांधलेले खारव्याचे लाल रुमाल, रुमालांत वेखंडाचे तुकडे. वेखंडाने कसर लांब राहते, वाळवी मात्र जुमानत नाही. एका गठ्ठ्याची मधली पानं तिने चाळण करून टाकली होती.

सरांनी एक लांबलचक पट्टी उलगडली. हातकागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवलेले आणि पाठीमागे प्रत्येक सांध्यावर शिक्का, म्हणजे मधला तुकडा कुणी बदलू नये. काजळाची शाई अजून काळीभोर. ओली शाई टिपायला टाकलेली वाळू अक्षरांना चिकटून राहिली होती. कागद उन्हाकडे तिरका धरला की ओळी चमचमत. आधी डोक्यावरची रेघ सबंध ओढायची, मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं तिला टांगत जायची, ही मोडीची रीत तिथे डोळ्यांना दिसते.

कागद होता दोन भावांचं वाटणीपत्र. तारीख जमादिलाखर महिन्यातली, सन समान अशर मयातैन व अलफ. सरांनी बोटांवर मोजत हिशेब केला : सुहूर (जुन्या मराठी कागदांतला, अरबी आकड्यांत लिहायचा सन) 1218, मृगाला बदलणारं वर्ष, महिना उन्हाळ्यातला म्हणून 600 मिळवायचे, म्हणजे एप्रिल-मे 1818. मी चमकलो. 10 एप्रिल 1818 ला बेळगावचा किल्ला जनरल मन्रोच्या हाती गेला. सुमारे तीन आठवड्यांच्या वेढ्यात तोफा धडधडत होत्या, पेशवाई संपत होती, आणि त्याच सुमाराला इथे पंच बसून फणसाची झाडं वाटून देत होते. थोरल्याकडे विहिरीजवळची, धाकट्याकडे ओढ्याकाठची. खाली साक्षीदार, पाटलाची निशाणी नांगर. किल्ल्याबद्दल चकार शब्द नाही. मला तर हे कागद बखरींपेक्षा जास्त विश्वासाचे वाटतात.

असे कागद टिकले कसे, याचं उत्तर बरंचसं इंग्रजांच्या वसुलीत आहे. इनामांची (सारामाफीच्या जमिनींची) चौकशी याच दक्षिण मराठा मुलखात 1843 पासून सुरू झाली, 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला धार आली. पुरावा नसेल तर इनाम जाणार! त्यामुळे लोकांनी चिठोरीसुद्धा जिवापाड जपली.

आता मात्र जपण्याच्या नादातच कागद मरतात. या पेटीतल्या एका सनदेला कुणीतरी हौसेने लॅमिनेशन केलं होतं, आत कागद पिवळा पडून शाई प्लास्टिकला चिकटलेली. सर हळहळले. दुसऱ्या एका पत्राच्या फाटक्या घडीवर सेलोटेप होती. ती ओढायची नाही, जाणकाराच्याच हाती द्यायची, असं त्यांनी धाकट्या नातवाला दोनदा बजावलं. दुपारभर आम्ही खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइलवर पान पान टिपलं.

नातवाचं म्हणणं, सगळं पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला देऊन टाकू. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1910 मध्ये उभ्या केलेल्या त्या संस्थेत अशी किती घराण्यांची दप्तरं सुखरूप आहेत. आजींनी मान हलवली. "विहिरीकडच्या तुकड्याचा दावा चालू हाय. निकाल लागल्याबिगर कागद घरातनं हलायचा न्हाई." त्यांचंही खरंच होतं, कारण दाव्यात तेच वाटणीपत्र दाखल होणार आहे.

शेवटी ठरलं ते असं : फोटो पुण्याला जातील, मूळ कागद घरीच. पुढची तारीख जुलैत आहे आणि तेव्हा खानापुरात पाऊस कोसळत असतो, म्हणून पेटी माळ्यावरून उतरवून देवघराशेजारच्या कपाटात आणली. वेखंड ताजं आणायचं काम नातवाकडे.