वातीची वही : इंदूरच्या ओट्यावरून

मंडळी, या खेपेची नोंद बरीचशी वातीबद्दल आहे. घरच्या मेणबत्तीची सुरक्षितता ओट्यावर निम्मीच ठरते आणि उरलेली निम्मी वात ठरवते, असं माझं आता ठाम मत झालंय.

ओट्यावरचं आधी आटपते. मेण थेट आचेवर ठेवायचं नाही, पाण्याच्या पातेल्यात स्टीलचा जग ठेवून वितळवायचं, हे सगळेच सांगतात. कारण कळलं की मात्र हात आपोआप जपून चालतो. पॅराफिन साधारण ५८ ते ६० अंशांना वितळतं. त्याच्या वाफा पेट घेऊ शकतात त्या २०० अंशांच्या आसपास किंवा पुढे. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर, म्हणून इथं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. पातेल्यात पाणी आहे तोवर मेण धोक्याच्या जवळपासही जात नाही. पाणी आटलं की हे संरक्षण संपलं. म्हणून जगाचा तळ पातेल्याला टेकू नये यासाठी मी खाली जाळी ठेवते, मधूनमधून पाणी घालते आणि दाराची घंटा वाजली तर गॅस बंद करूनच जाते. इंडक्शन असेल तर तेच वापरा, उघडी ज्योत तेवढी कमी.

सासूबाईंनी विचारलं, "पाण्याची बादली नको का गं जवळ?" म्हटलं, "नको आई. पेटत्या मेणावर पाणी ओतलं की ते खाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि जळतं मेण उसळून अंगावर येतं." तेव्हापासून जगावर घट्ट बसणारं झाकण त्याच आधी ओट्यावर काढून ठेवतात. मेण पेटलंच तर गॅस बंद करायचा, झाकण घालायचं, आणि पूर्ण गार होईपर्यंत ते उचलायचं नाही.

आता वात. आपण वापरतो ती विणलेली सुती वात फ्रान्समध्ये १८२५ च्या सुमारास आली. त्याआधीच्या पिळाच्या वातीचं टोक जळून राहायचं आणि सारखं कातरावं लागायचं. वेणीसारखी विणलेली वात जळताना बाजूला वाकते, टोक ज्योतीच्या कडेला येतं, तिथे हवा भरपूर मिळते आणि ते जळून राख होतं. एवढी साधी युक्ती, पण मला ती फार सुंदर वाटते. तरीही प्रत्येक वेळी पेटवण्याआधी वात ५-६ मिलिमीटर ठेवून कातरायचीच, विशेषतः टोकाला काजळीची गाठ धरली असेल तर.

वातीची जाडी किती असावी, हे मी करून पाहिलं. इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेल्या एकाच लादीचं पॅराफिन, एकाच मापाचे जाड काचेचे ग्लास, तोंड साधारण साडेसात सेंटिमीटर. बदलली फक्त वातीची जाडी. बारीक वातीने मधोमध खड्डा पाडला, कडेचं मेण तसंच उभं राहिलं आणि शेवटी ज्योत त्या खड्ड्यात बुडाली. जाड वातीची ज्योत उंच आणि अस्थिर, काठाला काजळी, आणि ग्लास हातात धरवेना इतका तापला. ही मेणबत्ती दिसायला सगळ्यांत झोकदार होती, पण कुणाच्या घरी मी ती पाठवणार नाही. मधल्या वातीला वितळलेलं मेण काठापर्यंत पोहोचायला जवळपास तीन तास लागले, खोली सेंटिमीटरभर, काच कोमट ते गरम. ग्लासाच्या तोंडाच्या दर इंचाला एक तास हा जो अंदाज सांगतात, तो इथे बरोबर बसला; साडेसात सेंटिमीटर म्हणजे जवळपास तीन इंच.

मग तीच मेणबत्ती पंख्याखाली ठेवली. ज्योत एका अंगाला झुकली, त्या बाजूची काच जास्त तापली आणि काजळीही तिकडेच. इंदुरात उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून कोण बसतं? म्हणून चाचणी बंद खोलीत आणि पंख्याखाली अशी दोन्हीकडे करा, आणि देताना चिठ्ठीवर लिहा : वाऱ्यापासून दूर, चार तासांहून जास्त नाही, तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की विझवा. तळ उघडा पडला की ज्योतीची आच सरळ काचेवर जाते.

मोगऱ्याचा सुगंध मेणाच्या ६ टक्के घातला आणि तीच मधली वात मंद जळायला लागली. सुगंध, रंग, मेण, यांतलं काहीही बदललं की वातीची चाचणी पुन्हा पहिल्यापासून. यात पळवाट नाही.

दोन गोष्टी मी करतच नाही. वरून सुक्या गुलाबपाकळ्या किंवा दालचिनी खोचणं : फोटोत छान, पण ज्योतीशेजारी ते सरळ सरपण. आणि चहाच्या कुल्हडात मेण ओतणं : बिनझिलईची माती मेण शोषते, खाली डाग पडतो, आणि मेण मुरलेली माती स्वतःच वातीसारखी वागू शकते.

भांडी अजून कोमट असतानाच कागदाने पुसून घ्या. मेण मोरीत गेलं तर नळी तुंबते.

पुढची खेप सोयाच्या मेणाची. ते पन्नास अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे आपल्या मेमध्ये खिडकीजवळच्या कपाटात ते किती टिकतं ते बघायचंय. सोयाला वात बहुधा एक माप जाड लागते. ज्यांनी साडेसात सेंटिमीटरच्या ग्लासात करून पाहिलंय त्यांनी वातीची जाडी आणि काठापर्यंत लागलेला वेळ, दोन्ही कळवा.