तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीचं निळं जॅकेट सरकारमान्य आहे का

फोनवर मावशी विचारते, इथले आपले लोकही जेवायला जमले की विचारतात, की पोरगी त्या एफएफएमध्ये (शाळेत शेती शिकणाऱ्या पोरांची संघटना, निळं जॅकेट हा तिचाच गणवेश) आहे ते ठीक, पण ते सरकारमान्य आहे का? आणि मग जरा आवाज खाली आणून, अमेरिकेत जाऊन शेतकीच का? शेतकीच्या प्रश्नाला मी उत्तर देणं सोडलंय. पहिल्याचं मात्र एकदाच नीट सांगतो.

हो, आहे. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने इथल्या शाळांत शेती शिकवायला केंद्राचा पैसा यायला लागला, १९२८ ला कॅन्सस सिटीत ही संघटना निघाली आणि १९५० मध्ये अमेरिकन काँग्रेसने खास कायदा करून तिला सनद दिली. २०१९ ला सनद सुधारली तेव्हाही, ही संघटना शेतीच्या शिक्षणाचाच भाग आहे हे कायम ठेवलं. म्हणजे वर्गातले तास, मुलाचा स्वतःचा प्रोजेक्ट (आमच्या लेकीच्या शेळ्या, तसं काही) आणि संघटना, तिन्ही एकत्रच धरायचं. (मुलींना १९६९ पर्यंत अधिकृतपणे घेतच नव्हते, ते मावशीला सांगू नका.) झालं समाधान?

माझंही झालं होतं. लेक जॉइन झाली तेव्हा मी तिच्या शेतीच्या सरांना पहिला प्रश्न काय विचारला, तर याचा कॉलेज अ‍ॅडमिशनला उपयोग किती. तेव्हाचा मी तुमच्यातलाच होतो.

मग फेब्रुवारीतली ती स्कूल बोर्डाची, म्हणजे इथल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या मंडळाची मीटिंग. वॉशिंग्टनच्या वाढदिवसाच्या आठवड्यात एफएफए वीक असतो, गव्हर्नर जाहीरनामे काढतात, बोर्ड कौतुकाचा ठराव वाचतं. आमच्याकडेही वाचला. नेतृत्व, उद्याचे शेतकरी, समाजाचा कणा, सगळं होतं त्यात. पोरं कॉर्डुरॉयची जॅकेटं गळ्यापर्यंत चेन लावून उभी, सर कडेला, फोटो झाला, मीही फोटो काढला, टाळ्या वाजवल्या, खरंच भारी वाटत होतं. मग बजेटचा विषय निघाला, आणि त्यात एका ओळीत शेतीच्या शिक्षकाच्या कॉन्ट्रॅक्टमधले उन्हाळ्याचे महिने काढायचे असं होतं. आता उन्हाळ्यात शाळा बंद असते, मग मास्तर कशाला, असं कुणालाही वाटेल. पण प्रोजेक्ट तेव्हाच तर चालू असतात. सर घरोघरी जाऊन जनावरं बघतात, पोरांच्या वहीतला खर्चाचा हिशोब तपासतात, फेअरला, म्हणजे जनावरांच्या प्रदर्शनाला, पोरांबरोबर पहाटे गोठ्यात असतात. लोकांनी बोलायची वेळ आधीच संपली होती त्यामुळे कुणाला काही म्हणताही येईना, आणि एक मेंबर म्हणाले, या प्रोग्रॅमबद्दल आम्हाला किती आदर आहे ते आत्ताच दाखवलंय की. हात वर झाले, मंजूर. पोरं अजून पुढच्याच रांगेत बसलेली. सर सरळ समोर बघत होते. लेक गाडीत एवढंच म्हणाली, माझ्या शेळ्या जुलैत विणार आहेत, मी फोन कुणाला करू?

तेव्हापासून ठराव म्हटलं की माझं डोकं फिरतं. सनद नाव राखते, मास्तरचा पगार देत नाही, तो शाळा आणि राज्य देतं, थोडाफार केंद्राच्या पर्किन्स कायद्याचा, म्हणजे व्यवसाय शिक्षणाचा, निधी येतो. पण मग तो जुना मी म्हणतो, अरे, कागदच नसता तर एका ओळीत उन्हाळाच काय, अख्खा विषय गेला असता, आणि भांडायला गेलेले पालक तरी हातात काय घेऊन गेले असते? यावर माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही पुढच्या मीटिंगला तोच ठराव प्रिंट करून नेला होता, हेही खरं. उन्हाळा अजून परत मिळालेला नाही.

पुढच्या फेब्रुवारीत परत ठराव, परत फोटो. मी म्हणतो जाऊ नकोस. ती म्हणते जाणार, जॅकेटवर नाव माझं आहे, बोर्डाचं नाही. बायको तिच्या बाजूने. मी अजून हो म्हटलेलं नाही.