काटे वर गेलेच नाहीत

25 मार्च 2020. पाडव्याचा सण आणि देशभरातल्या लॉकडाऊनचा पहिला दिवस. जालन्याच्या एमआयडीसीला वीज देणाऱ्या उपकेंद्रात माझी रात्रपाळी होती. तेव्हा एरवी रात्रीचे दहा वाजले, विजेचा सवलतीचा दर लागला, की स्टीलवाले फर्नेस, म्हणजे लोखंड वितळवायच्या विजेच्या भट्ट्या, चढवायचे आणि विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अँमीटरचे काटे बघता बघता वर जायचे. त्या रात्री ते जागचे हलले नाहीत. लोड, म्हणजे विजेची मागणी, इतका उतरला की व्होल्टेज चढायला लागलं, ते आवरायला ट्रान्सफॉर्मरचे टॅप खाली घ्यावे लागले. ट्रान्सफॉर्मर गार पडल्याने त्याला थंड ठेवणारे पंखेही फिरेनात.

एका कारखान्याच्या सुपरवायझरने आदल्या दिवशीच फोन केला होता, "साहेब, शेवटची हीट ओतून घेतो आणि बंद करतो." हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला लोखंडाचा घाणा. टनभर लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट लागतात. लॉगशीटवर आकडे लिहिताना किती सळई बनायची राहिली, तेच डोक्यात घोळत होतं. ती बनवणारी माणसंही अडकून पडली होती. 8 मे रोजी करमाडजवळ मालगाडीखाली सापडलेले 16 मजूर जालन्यातच स्टीलच्या कामावर होते. मध्य प्रदेशातल्या गावी पायी निघाले होते. त्यानंतर ती लॉगशीट मला नुसता लोडचा कागद वाटली नाही.

त्याच रात्री खेड्याकडच्या उपकेंद्रातून मात्र फोन, "दादा, थ्री फेज वेळेवर राहील ना? मोसंबीला पाणी द्यायचंय, लोक सारखे विचारतायत." विहिरीवरचे पंप थ्री फेजवरच चालतात. तिकडचा लोड जसाच्या तसा.

पुढे देशाचे आकडे आले. एप्रिलचा वीजवापर आदल्या वर्षीपेक्षा सुमारे 23 टक्क्यांनी घटला. एप्रिल ते जून तिमाहीचा जीडीपी पहिल्या अंदाजात 23.9 टक्क्यांनी खाली, शेती तेवढी 3.4 टक्क्यांनी वर. असे आकडे शेजारी मांडून कुणी म्हणतं, वीज वाढवा, विकास आपोआप होईल. मला ते अर्धंच पटतं. त्या रात्री आमच्याकडे वीज भरपूर होती, घेणारं कुणी नव्हतं. फर्नेसला आधी सळईची ऑर्डर लागते, मग ती वीज ओढते. बागेत उलटं आहे. विहिरीत पाणी असून ऐन उन्हाळ्यात थ्री फेज मिळाली नाही तर बहार गळतो, वर्षाचं उत्पन्न जातं. तिथं वीज आधी, पैसा मागून.

म्हणून 2017 पासून सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज देण्याचं जे काम चाललंय, ते मला नव्या फर्नेसच्या जोडणीइतकंच मोलाचं वाटतं.