ओलसर तळव्यांचे लोक

इस्राएलमधल्या एन-गेदीच्या राखीव रानात जायचं तर सकाळी फाटक उघडताच आत शिरावं. मृत समुद्राच्या पश्चिम काठावरचं हे वाळवंट. खडक एकदा तापले की माणूस आणि जनावर दोघंही सावली शोधू लागतात. माणशी निदान तीन लिटर पाणी हवंच. उन्हाळ्यात तेही कमी पडतं. हिवाळ्यात धोका वेगळा. पाऊस पडतो दूर पश्चिमेच्या डोंगरांवर आणि लोंढा येतो इथल्या ओढ्यात, तोही डोक्यावर निळं आभाळ असताना. तसा इशारा असेल त्या दिवशी घळीत उतरायचंच नाही.

नाहल दावीद या ओढ्याच्या वाटेवर बहुतेकांच्या माना वर असतात. कड्यावर रानबकरे दिसतात, नराची मागे वळलेली गाठाळ शिंगं मीटरभर लांब. एन-गेदी म्हणजे करडाचा झरा. बायबलातला राजा शौल तीन हजार निवडक माणसं घेऊन दावीदाला धरायला ‘रानबकऱ्यांच्या खडकांवर’ आला, तो याच भागात. हे वाचून भारावलेला माणूस नेमका कड्याच्या पायथ्याशी थांबतो, आणि वरच्या कळपाच्या खुरांनी सुटलेला दगड तिथेच येतो. बघायचं ते थोडं बाजूला सरकून.

पण बायबलाच्या १०४ व्या स्तोत्रात रानबकऱ्यांच्याच ओळीत दुसरंही जनावर आहे. उंच डोंगर रानबकऱ्यांचे, खडक शाफानांचा आसरा. शाफान म्हणजे हायरॅक्स. दोन ते पाच किलोचं, तपकिरी, बिनशेपटीचं, पहिल्या नजरेला फुगलेल्या उंदरासारखं. लूथरने जर्मन बायबलात त्याला ससा करून टाकलं. त्याचं तरी काय चुकलं, बघितलं कुठे होतं त्याने? खरं नातं हत्तीशी. वरचे दोन दात सुळ्यासारखे जन्मभर वाढत राहतात.

शाफान शोधायला दुर्बीण लागत नाही. खडकाच्या कपारीखाली पांढरे ओघळ दिसले की समजावं, ही त्यांची मुताची जागा; पिढ्यान्‌पिढ्या तीच वापरतात. समोरच्या उन्हाच्या कातळावर सकाळी सगळं कुटुंब एकमेकांना चिकटून पसरलेलं असतं. अंगाची ऊब नीट राखता येत नाही, म्हणून सूर्याकडून उसनी घ्यायची. पंधरा-वीस पावलांवर थांबावं, खाली बसावं, खायला काहीही टाकू नये. अंधार पडेपर्यंत मात्र तिथे रेंगाळू नये. या भागात शाफानांच्या अंगात लिशमॅनियाचे परजीवी असतात आणि वाळूमाशी चावली की ते माणसाच्या कातडीत येतात. व्रण महिनोन्‌महिने भरत नाही. संध्याकाळी पूर्ण बाह्या हव्यात.

बायबलातल्या नीतिसूत्रांच्या ३० व्या अध्यायात पृथ्वीवरच्या लहान पण शहाण्या चौघांत शाफान येतात. हिब्रूत त्यांना चक्क ‘लोक’ म्हटलंय: बळ नसलेले लोक, तरी घर करतात खडकात. प्रवचनांत यावरून थेट प्रेषित पौलाच्या ‘तो खडक ख्रिस्त होता’ या वाक्यावर उडी मारली जाते. उडी चुकीची नाही, पण घाईची आहे. मधे पाय राहून जातात.

शाफानाला कडा चढायला बकऱ्यासारखे खूर नाहीत, मांजरासारख्या नख्याही नाहीत. पुढे चार बोटं, मागे तीन, बोथट नखं. मागच्या एका बोटाला तेवढं लांब वाकडं नख, तेही केस विंचरायला. चढतो तो तळव्यावर. तळवा रबरासारखा मऊ आणि त्यातल्या ग्रंथींमुळे कायम ओलसर. मधला भाग आत ओढला की तळवा कातळाला चिकटतो. पकड येते ती घामातून, मऊपणातून. दुबळेपणात सामर्थ्य पूर्ण होतं, हे पौलाने करिंथकरांना लिहिलं. शाफानाच्या तळव्याखाली ते वाक्य जरा निराळं वाचता येतं.

आणि आसरा असला तरी हे लोक दिवसभर बिळात दडून बसत नाहीत. चरायला बाहेर येतातच, फक्त कपारीपासून धावेच्या अंतरात. एकजण उंच दगडावर पहाऱ्याला. त्याच्या डोळ्याच्या बाहुलीवर एक झडपेसारखी घडी उतरते, त्यामुळे सूर्याच्या बाजूकडून येणारा गरुडही त्याला हेरता येतो. कुणी दोन पावलं जास्त पुढे टाकली की तीक्ष्ण शीळ, आणि कातळ रिकामा.

अशा वेळी उठायचं नाही. बराच वेळ काही हलत नाही. मग कपारीच्या काठावर आधी मिशा दिसतात.