तोच हॉर्न, दोनदा

आज बारामतीला सेसना १७२ या छोट्या विमानावर स्टॉलचा, म्हणजे नाक फार वर गेल्यावर पंखांची उचल तुटते त्याचा, सराव केला. पॉवर काढली, नाक वर धरत गेले. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला छोटंसं भोक असतं. स्टॉल जवळ आला की तिथून हवा ओढली जाते आणि आतली रीड, म्हणजे इशाऱ्याचा हॉर्न, वाजते, अगदी पेटीच्या सुरासारखी. कंट्रोल ढिले पडले, विमान थरथरलं, नाक खाली गेलं. अशा वेळी विमानाचं हँडल मागे ओढायचं नाही, पुढे सोडायचं, हे सर किती दिवस सांगतायत. आज हाताला कळलं.

परतताना पूर्ण फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या), वेग ६१ नॉट. नजर धावपट्टीच्या पार टोकाला. हलकेच फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक जरासं वर, आणि चाकं टेकता टेकता तोच सूर पुन्हा वाजला. या वेळी केवढा गोड वाटला!