आमची वाटचाल : जळगावात बनलेला स्पेक्ट्रमचा मदरबोर्ड

स्पेक्ट्रम म्हणजे इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीचा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, त्याचा मदरबोर्ड आम्ही नव्याने बनवतो. आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो. मॉड्युलेटरच्या (टीव्हीला सिग्नल देणाऱ्या) डब्याखाली तांब्यात 'खान्देश' लिहिलेला स्पेक्ट्रमचा बोर्ड तुमच्याकडे असेल तर तो आमचाच आहे असं धरून चालू नका. पॅड, म्हणजे सोल्डर करायच्या जागा, बघा. सोनेरी असतील तर आमचा, पांढरे टिनवाले असतील तर नाही. जळगावच्या माणसाला सोनं ओळखायला शिकवावं लागत नाही पण बाहेरच्या गिऱ्हाइकाला सांगावं लागतं, आणि हे आधी सांगता आलं असतं तर आमचं एक अख्खं वर्ष वाया गेलं नसतं.

मी मूळचा टीव्हीवाला. आयटीआयला रेडिओ-टीव्ही ट्रेड केला, गोलाणी मार्केटात टेबल टाकलं, पिक्चर ट्यूब होती तोवर धंदा जोरात. एलसीडी आल्यावर रिपेअर म्हणजे नुसतं पॅनल बदलणं झालं, त्यात आपलं काय काम. मग एमआयडीसीत पत्र्याचा गाळा भाड्याने घेतला आणि चटईच्या कारखान्यांची टेंपरेचर कंट्रोलर कार्डं, ड्रिपवाल्यांचे टायमर असली कामं धरली. ते काम आजही चालू आहे आणि भाडं त्यातूनच सुटतं, हे नवीन पोरांनी लक्षात ठेवावं. शौकाच्या धंद्याला पोटाचा धंदा जोडीला लागतोच.

स्पेक्ट्रम आला तो अमळनेरच्या सरांमुळे. सर गणिताचे, आता रिटायर. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये लायसन्स घेऊन स्पेक्ट्रम प्लस आपल्याकडे काढला होता, डीबी स्पेक्ट्रम प्लस, तो सरांनी पगारातून पैसे बाजूला टाकून घेतला आणि शाळेतल्या पोरांना घरी बोलावून, टेपरेकॉर्डर लावून बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा शिकवली. ती पोरं आज कुठं कुठं आहेत ते सर बोटावर मोजून सांगतात. पण मधल्या काळात मशीन माळ्यावर गेलं, उंदरांनी आत घर केलं, मुतून मुतून ट्रॅक खाऊन टाकले, यूएलए ह्या मुख्य चिपच्या सॉकेटाखालची होलं पार हिरवी. मी उघडलं आणि सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "टाकी दे म्हननारा गंज भेटनात भो, तू करशी का देख." म्हणजे टाकून दे म्हणणारे खूप भेटले, तू करशील का बघ.

आता ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, स्पेक्ट्रममध्ये जीव असतो तो फेरांटी कंपनीच्या यूएलएत, म्हणजे खास ह्याच मशीनसाठी केलेल्या चिपमध्ये. झेड८० प्रोसेसर मिळतो, रॅम मिळते, रॉम मिळते, यूएलए मेली की जुनी कुठूनतरी काढा नाहीतर सीपीएलडीवाली (प्रोग्राम करता येणाऱ्या चिपची) पर्यायी लावा. सरांची यूएलए जिवंत होती, मी दुसऱ्या बोर्डावर लावून बघितली. म्हणजे फक्त बोर्ड मेला होता. मग बोर्डच नवीन करू.

ह्यात माझ्याबरोबर होता माझा मामेभाऊ. तेव्हा बांभोरीला इंजिनिअरिंग करत होता, संगणकावरचं ड्रॉइंग सगळं त्याचं. आम्ही सरांच्या बोर्डावरचा एकेक पार्ट उतरवला, दोन्ही बाजू घासूनपुसून स्कॅनरवर टाकल्या, आणि जिथं ट्रॅक खाल्लेला होता तिथं दुसऱ्या चालू बोर्डावर मल्टिमीटरचा बझर लावून कुठली पिन कुठं जाते ते वहीत लिहिलं. तो स्क्रीनवर रेघ ओढायचा, मी बझर वाजवायचो. दोन लेअरचाच बोर्ड आहे त्यामुळे आतलं काही लपलेलं नसतं, पण रेघ सरळ दिसली म्हणून सोपी नसते. ४११६ नंबरच्या रॅमच्या आठ चिपांना तीन व्होल्टेज लागतात, अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच, आणि ते बारा आणि उणे पाच बोर्डावरच एक छोटी कॉइल आणि दोन ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. ती कॉइल जरा लांब नेली, ग्राउंड जरा बारीक केलं, की स्क्रीनवर ठिपके सुरू. म्हणून आम्ही प्रत्येक ४११६ जवळ एक्स्ट्रा कपॅसिटरची जागा दिली. मूळ बोर्डात ती नाही, आमची आहे. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

हत्यारं पण सांगतो कारण लोक महागड्या स्टेशनवर पैसे घालतात आणि बघायला भिंग नसतं. माझं भिंग सराफ बाजारातलं आहे, डोळ्यात अडकवायचं, सोनार वापरतात ते. चिमटा पण तिथलाच. सोनाराचा चिमटा टोकाला जुळतो, ऑनलाइनवाला महिन्यात फाकतो. सीआरओ, म्हणजे सिग्नल बघायचा ऑसिलोस्कोप, जुना वीस मेगाहर्ट्झचा, एका कॉलेजच्या भंगारातला, पण चौदा मेगाहर्ट्झचा क्रिस्टल चालतोय की नाही हे त्यावर मस्त कळतं. डीसोल्डर पंप दोन ठेवा, एक कायम चोक होतो. होलातला सोल्डर निघत नसेल तर ओढू नका, आधी नवीन सोल्डर घाला, मग ओढा. पॅड उचललं की आयुष्यभर तिथं वायर दिसते.

पहिला बोर्ड चालू केला तेव्हा सर समोर स्टुलावर बसले होते. मी आधी चिपा न घालता उणे पाच मोजलं, मग बारा मोजलं, मग एकेक करून सगळं बसवलं. स्क्रीन काळी, मग पांढरी, आणि खाली १९८२ सिंक्लेअर रिसर्चची ओळ. सरांनी पी दाबला, स्क्रीनवर प्रिंट असा पूर्ण शब्द आला, आणि सर तिथल्या तिथं ओरडले, "चालू व्हयना!" शेजारच्या दालमिलचे हमाल बघायला आले.

त्यानंतर मामेभावाने तो बोर्ड नेटवर दाखवला आणि इंग्लंड, स्पेन, पोलंडहून मागणी आली. मग कमोडोर ६४ ह्या दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरचा पण बोर्ड केला. तीन-चार वर्षं चांगली गेली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, पार्सलं बांधली आणि पोस्टात नेली.

आता ज्याच्यामुळे ते वर्ष वाया गेलं तो माणूस. नाव घेत नाही, गाव पण घेत नाही. थंडीत आला होता, डिस्ट्रिब्युटर होतो म्हणाला. आम्ही त्याला शेतात नेलं, बामणोदच्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, सगळं केलं. गाळ्यात बसून सगळं बघितलं त्याने, फोटो काढले, भिंग डोळ्याला लावून बघितलं. थोडे बोर्ड उधारीवर नेले, त्याचे पैसे पण दिले, म्हणून आम्हाला शंका यायचं कारण नव्हतं. मग एकदम गप्प झाला, आणि काही महिन्यांत आमचाच बोर्ड आमच्या निम्म्या भावात बाजारात दिसायला लागला. गर्बर फायली, म्हणजे बोर्ड छापायची ड्रॉइंगं, ज्याच्याकडे बोर्ड छापायला जायच्या तिथल्या एजंटकडून बाहेर गेल्या हे नंतर कळलं, लेखी पुरावा हातात नाही म्हणून जास्त बोलत नाही.

सिल्कस्क्रीनवरचं, म्हणजे बोर्डावर शाईने छापलेलं, आमचं नाव त्याने काढलं. पण मॉड्युलेटरच्या खाली ग्राउंडच्या तांब्यात मामेभावाने देवनागरीत 'खान्देश' कोरलं होतं, ते त्याला दिसलंच नाही, कारण मॉड्युलेटर बसला की ते झाकलं जातं. तिकडच्या एका गिऱ्हाइकाने टीव्हीला सरळ काँपोझिट व्हिडिओ द्यायला मॉड्युलेटर उचलला, खालची अक्षरं दिसली, फोटो काढला आणि आम्हाला पाठवला, की तुमचा बोर्ड निकृष्ट आहे, पैसे परत करा.

कॉपीचं दुःख एकवेळ गिळलं असतं. पण त्याने खर्च वाचवायला एक्स्ट्रा कपॅसिटरच्या सगळ्या जागा काढून टाकल्या, गोल्ड फिनिश काढलं, बेअर (पार्ट न लावलेल्या) बोर्डाचं टेस्टिंग बंद केलं, आणि होलांचं प्लेटिंग इतकं पातळ की सॉकेट एकदा बदललं की आतली नळीच बाहेर. मी असा बोर्ड भिंगाखाली धरला तर ड्रिल पॅडच्या मधोमध नव्हतं, कडेला गेलेलं, एका बाजूला तांब्याची केसाएवढी कड राहिलेली. तिथं सोल्डर धरणार कसा? त्या बोर्डात ४११६ घातल्या की ठिपके, गरम झालं की रीसेट, आणि शिव्या आम्हाला. जे बोर्ड आम्ही विकलेच नाहीत त्यांचे पैसे लोक आमच्याकडे मागायला लागले. ऑर्डरी थांबल्या. पतसंस्थेचा हप्ता होता, चिपांचा स्टॉक भरून ठेवला होता, मामेभावाला पुण्यात नोकरी धरावी लागली. घरात गाळा सोडायचं बोलणं सुरू झालं.

आणि वर तो माणूस लोकांना सांगायचा काय, की यांनी तरी काय केलंय, सिंक्लेअरची कॉपीच ना. ह्याचं उत्तर मी आज देतो. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा अमस्ट्रॅडने घेतला, त्याला किती वर्षं झाली, बाजारात कंपनीचा नवीन बोर्ड कुठं मिळतो? जो माल मूळ कंपनी बनवत नाही तो मेलेल्या बोर्डावरून एकेक पिन बझरने शोधून परत उभा करणं, त्यात जिथं कमजोरी होती तिथं सुधारणा करणं, आणि वर हे नवीन आहे, मूळ नाही असं स्पष्ट लिहून विकणं, ह्याला रिप्रॉडक्शन म्हणतात. रॉम आम्ही विकत नाही, ती तुमच्या जुन्या मशीनमधून काढून लावा असं पहिल्या दिवसापासून सांगतो. आणि दुसऱ्याची फाइल उचलून, त्याचं नाव खोडून, पार्ट कमी करून विकणं ह्याला काय म्हणतात ते वाचणाऱ्याने ठरवावं.

त्या वर्षात पाठीशी उभे राहिले ते सर. दर आठवड्याला अमळनेरहून पॅसेंजरने यायचे, स्टुलावर बसायचे, आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना तिथूनच फोन लावायचे. "अरे, तू ज्या मशीनवर शिकला तसलं मशीन हा बनवतो, एक घे." कोणी पुण्यातला, कोणी नाशिकचा, एक जण अमेरिकेतला, सगळ्यांनी घेतले, बऱ्याच जणांनी असेंबल करून मागितले, त्यात मजुरी पण सुटली. सरांनी कमिशन सोडा, येण्याजाण्याचं भाडं पण घेतलं नाही. मी द्यायला गेलो तर रागावले. त्या पैशावर हप्ते भरले आणि पुढची बॅच गोल्ड फिनिशमध्ये, नवीन फॅब्रिकेटरकडून, प्रत्येक बोर्डावर नंबर टाकून काढली. आता बोर्ड घेतला की नंबर आम्हाला कळवा, रजिस्टरमध्ये नाव निघालं तर आमचा. त्या माणसाचे बोर्ड सहन करणारे काही जण नाइलाजाने आमच्याकडे आले, त्यांना मी खालच्या बाजूने कपॅसिटर लावून दिले, कारण वर आमच्या मुलखाचं नाव होतं.

टेस्टिंग पण तेव्हापासून बदललं. मे महिन्यात जळगावला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. त्या गाळ्यात दुपारी पंखा बंद करून बोर्ड चालू ठेवतो. नऊ व्होल्टचे पाच करताना ७८०५ रेग्युलेटरमध्ये मधला फरक सगळा उष्णतेत जातो, हीटसिंकला हात लागत नाही. तिथं जो टिकला तो युरोपात कुठंही टिकतो. तरीपण ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी स्विचिंग रेग्युलेटर सरळ बसेल अशी होलं दिलेली आहेत, आणि तोच लावा असं माझं म्हणणं आहे.

आता विषय निघालाच आहे तर सांगून ठेवतो. ४११६ च्या जागी ४१६४ कोंबू नका. दोन्ही सोळा पिनच्या, दिसायला सारख्या, पण ४११६ मध्ये आठ नंबरच्या पिनला बारा व्होल्ट येतात आणि ४१६४ ला तिथं पाच लागतात, एका सेकंदात आठही चिपा गेल्या समजा. उणे पाच मोजल्याशिवाय ४११६ लावू नका, उणे पाच नसेल आणि बारा असेल तर त्या मरतात. अॅडॉप्टर सेंटर निगेटिव्ह (मधलं टोक उणे) आहे हे दहादा बघा. कमोडोर ६४ वाल्यांनी जुना मूळ सप्लाय वापरूच नये, आतला रेग्युलेटर गेला की पाचचे जास्त होतात आणि रॅम घेऊन जातो, मग बोर्डवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही. आणि २०२४ मध्ये झायलॉगने झेड८० बंद करायची नोटीस काढली, जूनमध्ये शेवटच्या ऑर्डरी घेतल्या, तेव्हापासून लोक घाबरून वाटेल त्या भावात घेतायत. घाबरू नका, जुन्या मशीनांतला झेड८० सहसा मरत नाही. नवीन म्हणून स्वस्तात मिळतो त्यावर नंबर घासून परत छापलेला असतो, ॲसिटोनचा बोळा फिरवा, शाई निघाली तर परत करा.

मामेभाऊ पुण्यातच आहे पण रात्री ड्रॉइंग करतो. सध्या आम्ही बीबीसी मायक्रो ह्या जुन्या ब्रिटिश कॉम्प्युटरच्या मागे लागलोय. १९८४ पासून क्लास ह्या शाळांत कॉम्प्युटर शिकवायच्या सरकारी प्रकल्पात आपल्या शाळांना ते मिळाले होते, मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याचंच युनिकॉर्न नावाने केलं होतं. हा बोर्ड स्पेक्ट्रमपेक्षा कितीतरी मोठा आहे आणि आमच्याकडे एकच आहे, तो पण अर्धा जळलेला. धुळे, नंदुरबार, चाळीसगाव, भुसावळ, कुठल्याही शाळेच्या स्टोअररूममध्ये असला पिवळट डबा पडलेला असेल तर भंगारात देऊ नका, आम्हाला दाखवा, स्कॅन करून तसाच परत करू. आणि कृपा करून चालू करून बघू नका, सप्लायमधला मेन्सचा जुना कपॅसिटर फुटतो आणि खोलीभर धूर होतो.