एक किलो करवंदे आणि ‘काहीही बनवतो’ म्हणणारे आइस्क्रीमचे दुकान

मागाल त्या स्वादाचे आइस्क्रीम डोळ्यांदेखत करून देतो, अशी जाहिरात करणाऱ्या दुकानासाठी पुण्याहून मुंबईला जाण्याची काहीही गरज नाही, हा निष्कर्ष मी आधीच सांगून टाकतो. ज्यांना तेवढेच हवे होते त्यांनी इथेच थांबावे. ज्यांना तरीही जायचे आहे, त्यांचे पैसे, वेळ आणि विशेषतः कपडे वाचावेत म्हणून पुढचा तपशील देत आहे. दुकानाचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण तशाच पाट्या लावलेली दुकाने आता सगळीकडे दिसतात आणि इतरत्र याहून वेगळे घडेल असे मला वाटत नाही.

माझी मागणी साधी होती. मे महिन्यात मुळशीकडच्या बायका पाटीत करवंदे घेऊन पुण्यात येतात आणि पानाच्या द्रोणात भरून विकतात. या करवंदांचे आइस्क्रीम खाण्याची माझी जुनी इच्छा आहे. जांभळाचे मिळते, फणसाचे मिळते, करवंदाचे मात्र मला आजवर कुठेही मिळालेले नाही. भाच्याने मोबाइलवर त्या दुकानाची चित्रफीत दाखवली, तेव्हा खात्री करून घेण्यासाठी मी स्वतः दूरध्वनी केला आणि ‘करवंदाचे करता का’ असे स्पष्ट विचारले. पलीकडून ‘हो सर, काहीही बनवतो’ असे उत्तर आले. इथे माझी पहिली चूक झाली. ‘काहीही’ म्हणजे नेमके कशापासून, आणि फळ कोणी आणायचे, हे दोन प्रश्न मी विचारायला हवे होते.

सोबत काय न्यावे, ते सांगतो. करवंदे अख्खी नेऊ नयेत. मी एक किलो करवंदे धुऊन, देठ काढून, स्टीलच्या गोल डब्यात भरून नेली आणि डब्याचे झाकण फडक्याने बांधले. खरे तर ती घरी साखरेबरोबर शिजवून, गाळणीवर चोळून बिया काढून, गर घट्ट करून, गोठवून न्यायला हवी होती. कच्ची करवंदे चिकाने ओठांना चिकटतातच, शिवाय त्यांचा आंबटपणा थेट दुधात गेला तर दूध फाटते. आणखी एक वस्तू अवश्य न्यावी, ती म्हणजे स्वयंपाकघरातला तळहाताएवढा डिजिटल वजनकाटा. भाचा यावर हसला होता. तो का न्यावा, ते पुढे येईलच.

दुकान अंधेरी पश्चिमेला होते. सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने भाचा आणि मी निघालो. गाडीत काही विशेष घडले नाही. खरा त्रास सुरू झाला तो दादरला, आणि या टप्प्याविषयी मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण आम्हाला वाट सांगणाऱ्या प्रत्येकाने ‘दादरला उतरायचे, पूल ओलांडायचा, अंधेरी पकडायची’ असे तीन वाक्यांत सांगून आमची फसवणूक केली. मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेकडे नेणारा तो पूल सकाळच्या गर्दीच्या वेळी ओलांडणे म्हणजे चालणे नव्हेच. मागची माणसे ढकलतात तसे आपण सरकतो, आणि समोरून येणाऱ्या प्रवाहाची एखादी लाट आली की कठड्याला चिकटून थांबतो. मी डबा पिशवीत घालून पिशवी पाठीशी धरली होती. पायऱ्या उतरताना मागून कोणाचा तरी गुडघा तिला लागला, फडके सुटले, झाकण तिरके झाले आणि करवंदांचा जांभळट लाल रस माझ्या सदऱ्याच्या मागच्या बाजूने कमरेपर्यंत उतरला. हे मला कळले ते अंधेरीच्या गाडीत, तेही एका गृहस्थांनी ‘काका, तुम्हाला लागलंय का कुठे?’ असे काळजीने विचारल्यावर. करवंदाचा डाग धुतल्याने जात नाही. तो सदरा आता घरात रंगकामाच्या वेळी वापरतो.

ज्यांना पश्चिम उपनगरात जायचे आहे, त्यांनी हा पूल पूर्णपणे टाळावा. दादरला उतरून मध्य रेल्वेच्याच लोकलने उलट दिशेला घाटकोपरपर्यंत मागे यावे आणि तिथून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो धरावी. ही मार्गिका २०१४ पासून चालू आहे, डबे वातानुकूलित आहेत आणि अंधेरीहून पुढे आझाद नगर, डी. एन. नगर, वर्सोवा अशी थेट पोहोचवते. सकाळी घाटकोपरकडे येणाऱ्या लोकलची गर्दी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलच्या मानाने कमी असते, आणि फळे गार राहतात हा फायदा वेगळाच. हा मार्ग आम्हाला दुकानातून बाहेर पडल्यावर, एका पानवाल्याकडून कळला.

आम्ही मात्र अंधेरीला उतरून पश्चिमेला रिक्षा शोधत बसलो. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाच्या पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २६ रुपये ठरलेले आहे. आम्हाला पहिल्या तीन चालकांनी नकार दिला आणि चौथ्याने मीटर न टाकता १२० रुपये सांगितले. मी भांडलो, त्याने १०० केले, आणि उन्हात अर्धा तास गेल्यावर आम्ही ते दिले. हे अंतर धडधाकट माणसाने सरळ चालून जावे.

दुकानात शिरल्यावर डबा समोर ठेवला. काउंटरवरच्या मुलीने तो उघडून पाहिला आणि अतिशय सभ्यपणे सांगितले की बाहेरचे फळ घेता येत नाही. अन्न परवान्याखाली चालणाऱ्या स्वयंपाकघरात कोणाच्याही घरचा, न तपासलेला माल वापरू नये हे रास्तच आहे, याविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार अशी की हे दूरध्वनीवर सांगता आले असते. मग मी ‘काहीही’चा अर्थ विचारला. तिने एक पडदा पुढे सरकवला, त्यावर चाळीसेक स्वादांची यादी होती, आणि त्यांतले दोन किंवा तीन निवडून एकत्र करणे म्हणजे ‘तुमचा स्वतःचा फ्लेव्हर’. करवंद यादीत नव्हते. तिने बरेच शोधून ‘ब्लॅककरंट चालेल का, रंग सेम येतो’ असे विचारले. माझ्या पाठीवरचा डाग तिने पाहिला असावा.

एवढ्या लांब आलोच होतो म्हणून ब्लॅककरंट आणि जांभूळ असे मिश्रण घेतले. पद्धत अशी आहे: सगळ्या स्वादांसाठी दूध, मलई आणि साखरेचे एकच तयार मिश्रण असते, ज्याला ते बेस म्हणतात, त्यात निवडलेले सिरप घालतात आणि यंत्राच्या भांड्यात ते घुसळत असताना वरून द्रव नायट्रोजन ओततात. नायट्रोजनचा उत्कलनबिंदू उणे १९६ अंश सेल्सिअस असल्यामुळे मिश्रण मिनिटभरात गोठते, आणि इतक्या झटपट गोठल्याने बर्फाचे स्फटिक मोठे व्हायला वेळच मिळत नाही. पोत मुलायम होतो, हे मी मान्य करतो. जो पांढरा धूर पाहून लोक मोबाइल बाहेर काढतात, तो हवेतल्या बाष्पाचे धुके असते. धूर येणे पूर्ण थांबेपर्यंत चमचा लावू नये आणि मुलांना तर अजिबात लावू देऊ नये. २०२४ मध्ये कर्नाटकात द्रव नायट्रोजनातल्या ‘स्मोक बिस्किटा’मुळे एका लहान मुलाला त्रास झाल्याची चित्रफीत सगळीकडे फिरली होती, ती आठवावी. शिवाय इतके थंड आइस्क्रीम जिभेला बधिर करते, म्हणून पाच मिनिटे थांबल्याखेरीज चव कळत नाही. मी थांबलो. चव बर्फाच्या गोळ्यावरच्या सरबताची होती.

आता बिलाविषयी. बाहेरच्या पाटीवर ‘२४९ रुपयांपासून, २५० मिली’ असे लिहिलेले होते. बिलात २४९ रुपये मूळ किंमत, १५० रुपये ‘कस्टम फ्लेव्हर’ शुल्क, ‘बदाम घालू? चॉकलेट चिप्स?’ असे आदरातिथ्याच्या सुरात विचारून घातलेल्या दोन गोष्टींचे प्रत्येकी ६० रुपये, आणि कोणी न मागता वर खोचलेल्या वॅफलच्या त्रिकोणाचे ५० रुपये, असे ५६९ रुपये झाले. त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि मग ५ टक्के कर लावून ६५७ रुपये, तेही एका कपाचे. कर बरोबर होता; आइस्क्रीमवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के झालेला आहे. सेवाशुल्क मात्र सक्तीने लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. मी हे शांतपणे सांगितले, व्यवस्थापकाने ‘सॉफ्टवेअर आपोआप लावते’ असे उत्तर दिले, मी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक त्याच्यासमोर लावायला घेतला, आणि सॉफ्टवेअरने ते आपोआप काढले. भाचा ‘मामा, सोडा ना’ म्हणत होता. सोडू नये. ५९७ रुपये झाले.

मग मी काटा काढला. वॅफल बाजूला ठेवून, रिकाम्या कपाचे वजन वजा करून, आतला ऐवज ११८ ग्रॅम भरला. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मानकानुसार ज्याला आइस्क्रीम म्हणायचे त्यात दुधाची स्निग्धता किमान १० टक्के आणि एका लिटरचे वजन किमान ५२५ ग्रॅम असावे लागते, म्हणजे हवेने जास्तीत जास्त फुगवलेले आइस्क्रीमसुद्धा २५० मिलीला १३१ ग्रॅम भरायला हवे. नायट्रोजनवर केलेल्या आइस्क्रीममध्ये हवा कमी असते, ते खूपच जड भरायला हवे. अर्थात कप भरलेलाच नव्हता. ग्रॅमला पाच रुपयांहून जास्त दर पडला. बेस दुधाच्या स्निग्धतेचा की वनस्पती तेलाचा, हेही विचारले, कारण तेल असेल तर कायद्याने त्याला ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणावे लागते. त्यावर ‘रेसिपी गुप्त आहे’ असे ऐकायला मिळाले. जाणाऱ्यांनी हा प्रश्न ऑर्डर देण्यापूर्वी विचारावा.

संध्याकाळी चर्चगेटला के. रुस्तममध्ये दोन वेफर्समध्ये धरलेली आइस्क्रीमची वडी खाल्ली आणि मरीन ड्राइव्हवर बसलो. ते छान झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेंडी बाजारातल्या बोहरी मोहल्ल्यात, १८८७ पासून चालणाऱ्या ताज आइस्क्रीमकडे गेलो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून मशीद बंदर हे पहिलेच स्थानक, तिथून चालत जावे. या भागात मोठा पुनर्विकास चालू असल्याने जुन्या खुणांवर भिस्त ठेवू नये, विचारत जावे. लोक नीट सांगतात. इथे तुमच्या मागणीनुसार काहीही होत नाही, जे आहे त्यातून निवडायचे. बर्फ आणि खडे मिठाच्या लाकडी पिंपात बसवलेल्या भांड्यात हाताने फिरवलेले, हवा जवळपास नसलेले, फळाचे तुकडे दाताखाली येणारे असे ते आइस्क्रीम आहे. आंब्याचे घेतले. काटा पिशवीतून बाहेर काढावासा वाटला नाही. ज्यांना एकाच ठिकाणी जायचे आहे त्यांनी इथे यावे. ज्यांना दोन्हीकडे जायचेच आहे त्यांनीही आधी इथे यावे, म्हणजे दुसरीकडे काय मागू नये हे कळेल.

५.१० च्या डेक्कन क्वीनने परतलो. डब्यात उरलेली अर्धी करवंदे तोवर आंबली होती, ती फेकून दिली. गाडीत समोर बसलेल्या एका आजींनी मला विचारले की पुण्यात लग्नामुंजीला पॉट आइस्क्रीम करून देणारे अजून आहेत, त्यांना का नाही विचारले. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

पुढच्या रविवारी तसे एक गृहस्थ शोधले. त्यांची अट इतकीच होती की गर आदल्या दिवशी शिजवून, गाळून, गार करून तयार ठेवायचा, दूध आटवून वेगळे गार ठेवायचे आणि दोन्ही पॉटमध्येच एकत्र करायचे. चार लिटरपेक्षा कमी ते करत नाहीत, आणि मीठ व बर्फ आपला. साखर नेहमीपेक्षा वाटीभरच जास्त घाला, असे त्यांनी बजावले, कारण साखर कमी पडली तर फळातल्या पाण्याचा दगड होतो आणि फार झाली तर आइस्क्रीम धरतच नाही. पुन्हा दोन किलो करवंदे आणली. हँडल भाच्याने आणि मी आळीपाळीने पाऊण तास फिरवले, शेवटची दहा मिनिटे तर दोघांनी मिळून. रंग फिकट जांभळा आला, मागाहून घशाशी किंचित तुरटपणा राहतो. अर्ध्या लिटरचा डबा काट्यावर ठेवला तेव्हा ४१० ग्रॅम भरला.